घाटमाथ्याचे पाणी आणि विजेची साठवण : कर्जत-खालापूर परिसरातील उदंचन योजनांचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

सूर्यप्रकाश व वारा यांपासून निर्माण होणाऱ्या विजेस इंधन लागत नाही, ही तिची मोठीच जमेची बाजू होय. परंतु ही वीज मागणीच्या वेळी मिळेलच अशी शाश्वती नसते. औष्णिक केंद्राच्या आवारातील कोळशाची रास ही वस्तुतः विजेची साठवणच असते. मागणी वाढली की अधिक कोळसा जाळावयाचा आणि ती उतरली की आच कमी करावयाची, एवढेच तेथे करावे लागते. सौर केंद्रापाशी अशी रास नसते. दुपारी बारा वाजता त्याचे उत्पादन शिखरास पोहोचते आणि सायंकाळी घरोघरी दिवे लागण्याच्या सुमारास ते शून्यावर येते. म्हणून जो देश आपल्या विजेचा मोठा हिस्सा सूर्यापासून घेऊ इच्छितो, त्याला दुपारची वीज सायंकाळपर्यंत कोठे व कशी ठेवावी याचे उत्तर शोधणे भाग आहे.

भारतापुढे हा प्रश्न आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही. २०२१ साली ग्लासगो येथील जागतिक हवामान परिषदेत, २०३० पर्यंत जीवाश्म इंधनांवाचून चालणारी विद्युत्‌निर्मितीची क्षमता ५ लाख मेगावॉटपर्यंत नेण्याचा संकल्प भारताने जाहीर केला. २०२५ च्या प्रारंभी देशातील सौर क्षमतेने १ लाख मेगावॉटची मर्यादा ओलांडली. निर्मितीची गती अशी वाढत असता साठवणुकीची गती मात्र तिच्या मानाने मंद राहिली. ही उणीव भरून काढण्यासाठी ज्या प्रदेशांकडे योजनाकारांचे लक्ष वळले, त्यांत सह्याद्रीचा पश्चिम कडा अग्रभागी आहे आणि या कड्यावर रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके विशेष महत्त्वाचे आहेत.

८ ऑगस्ट २०२३ रोजी महाराष्ट्र शासन व टाटा पॉवर कंपनी यांच्यात एक सामंजस्य करार झाला. त्यात पुणे जिल्ह्यातील शिरवता येथे १,८०० मेगावॉट व रायगड जिल्ह्यातील भिवपुरी येथे १,००० मेगावॉट अशा दोन उदंचन जलविद्युत योजनांचा समावेश होता. भिवपुरी योजनेच्या सविस्तर प्रकल्प-अहवालास केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२४-२५ मध्ये संमती दिली. कर्जत परिसरातच ३,००० मेगावॉट क्षमतेच्या आणखी एका योजनेसंबंधी टोरंट पॉवर या कंपनीनेही शासनाशी करार केला आहे. या योजनांचे तत्त्व काय, याच भूमीची निवड का झाली, आणि त्यांच्यामुळे पाणी, शेती व वस्ती यांचे कोणते प्रश्न उपस्थित होतात, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

२. भूरचना आणि जुन्या योजना

सह्याद्रीच्या या भागाचे एक वैशिष्ट्य असे की, मुख्य जलविभाजक कड्याच्या अगदी धारेवर आहे. घाटमाथ्यावर, कड्यापासून हाकेच्या अंतरावर पडलेला पाऊस पश्चिमेस न उतरता पूर्वेकडे वळतो आणि आंध्रा, इंद्रायणी, भीमा, कृष्णा असा शेकडो मैलांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळतो. घाटमाथ्यावरील जलाशय समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून अधिक उंचीवर आहेत; उलट घाटपायथ्याच्या कर्जत व खोपोली यांची उंची शंभर मीटरही भरत नाही. पाचशे मीटरांहून अधिक उंचीचा हा फरक अवघ्या काही किलोमीटरांच्या क्षितिजसमांतर अंतरात सामावलेला आहे. पर्जन्यमान वर्षाला चार ते पाच मीटरांच्या घरात असले, तरी तो सारा पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या चार महिन्यांतच पडतो.

या परिस्थितीचा विजेसाठी उपयोग करून घेण्याची कल्पना डेव्हिड गॉस्लिंग यांनी मांडली व जमशेटजी टाटा यांनी तिचा पाठपुरावा केला. जमशेटजींचे १९०४ साली निधन झाले. त्यानंतर दोराबजी टाटा यांच्या नेतृत्वाखाली १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनीची स्थापना झाली. १९११ च्या फेब्रुवारीत लोणावळ्यास मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते कामाचा पाया घातला गेला, आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खालापूर तालुक्यातील खोपोली केंद्रातून मुंबईस वीज सुरू झाली. लोणावळा, वळवण व शिरवता या जलाशयांचे पाणी पूर्वेकडे जाऊ न देता ते दाबनलिकांतून घाटाखाली सोडावयाचे, पायथ्याशी पेल्टन जातीची जलचक्रे फिरवावयाची आणि ती वीज मुंबईच्या कापड-गिरण्यांस पुरवावयाची, अशी ही योजना होती. तिच्याच धर्तीवर आंध्रा नदीवर ठोकरवाडी येथे धरण बांधण्यात आले व १९२२ साली कर्जत तालुक्यातील भिवपुरी केंद्र सुरू झाले. त्यानंतर मुळशी जलाशयाच्या पाण्यावर १९२७ साली भिरा केंद्र चालू झाले. खोपोलीची क्षमता आज ७२ मेगावॉट आणि भिवपुरीची ७५ मेगावॉट आहे.

या इतिहासाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. मुळशी धरणात जमिनी बुडणाऱ्या मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह आरंभिला व पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. या लढ्यामुळेच त्यांस ‘सेनापती’ हे नाव पडले. धरणाविरुद्धच्या संघटित प्रतिकाराचे हे जगातील एक आद्य उदाहरण मानले जाते. शहरास मिळणारी वीज आणि ती देणाऱ्या भूमीवरील माणसे यांच्या नात्याचा प्रश्न या प्रदेशात शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला होता, हे यावरून स्पष्ट होते.

३. साठवणुकीचे तीन प्रकार

विजेची साठवण हा शब्दप्रयोग सैलपणे केला जातो. वस्तुतः कालावधीच्या दृष्टीने तिचे तीन निरनिराळे प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत केल्यास विवेचनात दोष उत्पन्न होतो.

पहिला प्रकार ऋतुमानाच्या साठवणुकीचा. ठोकरवाडी वा वळवण येथील धरणे ही अशीच साठवण होय. चार महिन्यांचा पाऊस अडवून तो उरलेल्या आठ महिन्यांत वापरता येतो.

दुसरा प्रकार दैनंदिन साठवणुकीचा. दुपारची सौर वीज सायंकाळी, अथवा रात्रीची अतिरिक्त वीज सकाळी वापरावयाची असेल, तर पाच ते दहा तासांची साठवण पुरेशी ठरते. उदंचन योजनांचे खरे क्षेत्र हेच आहे.

तिसरा प्रकार क्षणिक साठवणुकीचा. वीजजालातील वारंवारता स्थिर राखण्यासाठी काही सेकंदांपासून तास-दोन तासांपर्यंत जी मदत लागते, ती आता विद्युत्‌घटांकडून, म्हणजेच बॅटऱ्यांकडून, उत्तम प्रकारे मिळते. दक्षिण ऑस्ट्रेलियातील हॉर्न्सडेल येथे २०१७ साली उभारलेल्या १०० मेगावॉटच्या बॅटरी-केंद्राने ही गोष्ट जगाच्या निदर्शनास आणली. त्यानंतर बॅटऱ्यांच्या किमती झपाट्याने उतरल्या. त्यामुळे चार तासांपर्यंतच्या साठवणुकीत त्या उदंचनाशी स्पर्धा करू लागल्या आहेत. उलट बॅटरीचे आयुष्य दहा ते वीस वर्षांचे असते, तर धरण व बोगदे यांचे आयुष्य अर्धशतकाहून अधिक असते. खोपोलीचे केंद्र शंभरी ओलांडूनही चालू आहे, हे याचे जवळचेच उदाहरण होय.

सूर्य आणि वारा यांच्या वार्षिक क्रमाचाही येथे संबंध येतो. पावसाळ्यात ढगांमुळे सौर उत्पादन घटते. परंतु सातारा, सांगली, धुळे या भागांतील पवनचक्क्यांना याच महिन्यांत सर्वांत जोराचा वारा मिळतो. म्हणून उदंचन केंद्रास पाणी चढविण्यासाठी लागणारी वीज हिवाळ्यात व उन्हाळ्यात प्रामुख्याने सूर्याकडून आणि पावसाळ्यात बऱ्याच अंशी वाऱ्याकडून मिळण्याची शक्यता असते.

४. उदंचनाचे तत्त्व व त्याचा हिशेब

उदंचन म्हणजे पाणी वर चढविणे. या योजनेत एक जलाशय वर व एक खाली असतो. वीज स्वस्त व मुबलक असताना खालचे पाणी पंपाने वर चढवावयाचे आणि ती महाग व दुर्मिळ असताना तेच पाणी खाली सोडून वीज निर्माण करावयाची, असा हा क्रम असतो. यात नवी ऊर्जा निर्माण होत नाही. किंबहुना प्रत्येक फेऱ्यात काही ऊर्जा खर्चीच पडते. मिळते ती वेळेची अदलाबदल.

कर्जतच्या परिस्थितीस लागू पडेल असा हिशेब करून पाहता येईल. सोयीसाठी उंचीतील फरक ५०० मीटर धरला, तर एक घनमीटर पाणी खाली येताना सुमारे ४९ लाख ज्यूल, म्हणजे १.३६ युनिट ऊर्जा देते. यंत्रांची कार्यक्षमता शेकडा ९० धरल्यास त्यातून हाती येणारी वीज सुमारे १.२३ युनिट भरते. १,००० मेगावॉटचे केंद्र सहा तास चालावयाचे तर ६० लाख युनिटे लागतील, आणि त्यांसाठी सुमारे ४९ लाख घनमीटर पाणी खाली सोडावे लागेल. म्हणजेच प्रवाह दर सेकंदास सुमारे २२६ घनमीटर राहील. खालच्या जलाशयाची वापरण्याजोगी खोली २० मीटर मानली, तर तेवढ्या पाण्यास सुमारे २५ हेक्टर क्षेत्र पुरते. उंची अर्धी असती तर पाणी व जलाशय दुप्पट लागले असते. सह्याद्रीच्या कड्याचे मोल नेमके या ठिकाणी दिसून येते.

आता उलट दिशेचा हिशेब. तेच ४९ लाख घनमीटर पाणी पुन्हा ५०० मीटर वर चढविण्यास, पंपाची कार्यक्षमता तितकीच धरली तर, सुमारे ७४ लाख युनिटे लागतात. १,००० मेगावॉटच्या यंत्रांनी हे काम करावयाचे म्हटल्यास जवळजवळ साडेसात तास खर्ची पडतील. ७४ लाख युनिटे देऊन ६० लाख परत मिळाली, म्हणजे परतावा शेकडा ८१ झाला. त्यातून नलिकांतील घर्षण, रोहित्रे इत्यादींमुळे होणारी घट वजा जाता प्रत्यक्षात तो शेकडा ७५ ते ८० राहतो. दुपारी वाया जाऊ पाहणारी वीज या रीतीने चार-पंचमांशापर्यंत वाचते. परंतु पाणी चढविण्यास कोळशाचीच वीज वापरली, तर तोच चार-पंचमांश हिशेब तोट्याचा ठरतो. उदंचन ‘हरित’ आहे की नाही, हे धरणावरून ठरत नसून चढविण्यासाठी वापरलेली वीज कोठून आली यावरून ठरते.

येथे असा प्रश्न उद्भवेल की, भिवपुरी व खोपोली येथील जुनी यंत्रेच उलट फिरवून हे काम का करू नये? याचे उत्तर यंत्राच्या घडणीत आहे. पेल्टन चक्राच्या वाट्यांवर पाण्याचा फवारा मोकळ्या हवेत आदळतो. ते चक्र पाणी ढकलू शकत नाही. उदंचनास फ्रान्सिस जातीचे उभयगामी यंत्र लागते. ते एका दिशेने फिरले की जलचक्राचे काम करते व दुसऱ्या दिशेने फिरले की पंपाचे. शिवाय पंप चालत असता पाण्यात बुडबुडे होऊन पाती झिजू नयेत म्हणून असे यंत्र खालच्या जलाशयाच्या पातळीपेक्षा बरेच खोल बसवावे लागते. म्हणूनच असे केंद्र सामान्यतः भूगर्भातील दालनात उभारतात. तात्पर्य, जुन्या केंद्राचा जलाशय नव्या योजनेस उपयोगी पडतो, परंतु नलिका, यंत्रे व दालन ही सारी नवीच करावी लागतात.

५. अन्यत्रचा अनुभव

उदंचनाची कल्पना जुनी आहे. स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन येथे १९०९ साली असे केंद्र चालू झाले होते, म्हणजे खोपोलीच्याही आधी. पुढे अणुकेंद्रे व मोठी औष्णिक केंद्रे रात्री बंद ठेवणे गैरसोयीचे ठरू लागले, तेव्हा त्यांची रात्रीची वीज साठविण्यासाठी या पद्धतीचा प्रसार झाला. वेल्समधील डिनॉर्विग (१९८४) व अमेरिकेतील बाथ काउंटी (१९८५) ही केंद्रे त्या काळातील होत. दुसऱ्याची क्षमता ३,००० मेगावॉटच्या घरात आहे. अलीकडे चीनने या क्षेत्रात आघाडी घेतली असून तेथील फेंगनिंग केंद्राची ३,६०० मेगावॉट क्षमता २०२४ अखेर पूर्ण झाली. पूर्वी साठवावयाची वीज रात्रीची होती; आता ती दुपारची झाली आहे. तत्त्व तेच राहिले, घड्याळ तेवढे बदलले.

महाराष्ट्रात दोन उदाहरणे विचारात घेण्याजोगी आहेत. भिरा येथे टाटांच्या जुन्या केंद्राशेजारी १९९० नंतरच्या दशकात १५० मेगावॉटचे उभयगामी यंत्र बसविण्यात आले. दुसरे घाटघर. प्रवरेच्या उगमाजवळ घाटमाथ्यावर एक व खाली शहापूर तालुक्यात चोंढे येथे दुसरे अशी दोन धरणे बांधून २५० मेगावॉटचे हे केंद्र जपानच्या अर्थसाहाय्याने २००८ साली पूर्ण झाले. सह्याद्रीच्या बेसाल्ट खडकात भूमिगत केंद्र उभारणे शक्य आहे, हे या दोन कामांनी सिद्ध केले.

तथापि देशातील एकंदर अनुभव सावधगिरीचा इशाराही देतो. २०२३ साली भारतात उदंचनाची उभारलेली क्षमता सुमारे ४,७४५ मेगावॉट होती, परंतु त्यांपैकी पाणी चढविण्याच्या कामी प्रत्यक्ष येणारी क्षमता सुमारे ३,३०० मेगावॉटच होती. कोठे खालचा जलाशय वेळेवर झाला नाही, तर कोठे यंत्रांत दोष राहिला. उभयगामी यंत्र बसविले म्हणजे साठवण झाली, असे होत नाही. वरचा जलाशय, खालचा जलाशय, स्वस्त वीज व ती वाहून आणणारी पारेषण-वाहिनी ही चारही अंगे एकाच वेळी सिद्ध असावी लागतात.

६. अवजलाचा प्रश्न

कर्जत-खालापूरच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाचा व सर्वांत कमी चर्चिला गेलेला प्रश्न पाण्याच्या दिशेचा आहे.

जुन्या केंद्रांतून वीज निर्माण झाल्यावर खाली येणाऱ्या पाण्यास अवजल म्हणतात. ते मूळचे भीमेच्या खोऱ्यातले. डोंगर ओलांडून ते कोकणातले होते. भिवपुरीचे अवजल उल्हास नदीच्या खोऱ्यात येते. त्यावर कर्जत तालुक्यातील राजनाला कालवा अवलंबून असून त्याच्या आधाराने तेथील शेतकरी पावसाळी पिकानंतर उन्हाळी भाताचे दुसरे पीक घेतात. पुढे हेच पाणी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण या वाढत्या शहरांची तहान भागविण्यास हातभार लावते. खोपोलीचे अवजल पाताळगंगेस मिळते, आणि खालापूरपासून रसायनीपर्यंतची औद्योगिक वसाहत व पनवेलकडील पाणीपुरवठा यांना त्याचा आधार आहे. उन्हाळ्यात या दोन नद्या वाहत्या राहतात त्या मुख्यत्वे विद्युत्‌केंद्रे चालतात म्हणून.

दुसरीकडे, हेच पाणी भीमेत राहिले असते तर उजनीच्या जलाशयास व सोलापूर जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण भागास उपयोगी पडले असते, असे तेथील लोकांचे म्हणणे आहे. कृष्णा पाणीतंट्याच्या पहिल्या लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, टाटांच्या योजनांसाठी पश्चिमेस वळवावयाच्या पाण्यावर मर्यादा घातली : कोणत्याही एका वर्षात ५४.५ अब्ज घनफूट, आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ अब्ज घनफूट. म्हणजे सरासरी वर्षाला ४२.४ अब्ज घनफूट. एक अब्ज घनफूट म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर. वर दिलेल्या हिशेबाने त्यापासून सुमारे ३.४७ कोटी युनिट वीज मिळते. यावरून ४२.४ अब्ज घनफूट पाण्याची वीज वर्षाला सुमारे १४७ कोटी युनिट भरते.

याच्याशी उदंचनाची तुलना केली असता अंतर एकदम डोळ्यांत भरते. १,००० मेगावॉटच्या केंद्रास एका फेऱ्यासाठी लागणारे ४९ लाख घनमीटर पाणी म्हणजे अवघे ०.१७ अब्ज घनफूट. तेच पाणी वर्षातून तीनशे वेळा खाली-वर झाले, तर १८० कोटी युनिटे सायंकाळच्या वेळी उपलब्ध होतात. बाष्पीभवन व गळती यांची भर सोडली, तर नवे पाणी जवळजवळ लागत नाही. अर्थात ही १८० कोटी युनिटे नवी नव्हेत. त्यांच्यासाठी सुमारे २२५ ते २४० कोटी युनिटे आधी खर्ची घालावी लागतात. परंतु सायंकाळची वीज हवी असेल तर पाणी पश्चिमेस सोडलेच पाहिजे, हे शतकभर चालत आलेले समीकरण उदंचनाने मोडते.

या गोष्टीचे परिणाम दूरगामी आहेत. आजवर पश्चिमेकडे जाणाऱ्या पाण्याचे समर्थन प्रामुख्याने विजेच्या गरजेने केले जात असे आणि कोकणातील शेतीला व शहरांना त्याचा लाभ आनुषंगिक म्हणून मिळत असे. विजेची सायंकाळची गरज उदंचनातून भागू लागली व एकूण निर्मितीतील तूट सौर केंद्रांनी भरून काढली, तर ते समर्थन दुबळे होते. १४७ कोटी युनिटे भरून काढण्यास महाराष्ट्राच्या हवामानात सुमारे ८५० ते ९०० मेगावॉट सौर क्षमता पुरेशी होते. ही संख्या शंभर वर्षांपूर्वी कल्पनेपलीकडची होती; आज ती मोठी असली तरी अशक्य नाही. तेव्हा पाणी भीमेस परत द्यावे, ही मागणी अधिक जोराने पुढे येणे स्वाभाविक आहे. अशा वेळी राजनाल्यावरचा भातशेतकरी आणि कल्याणचा नागरिक यांना आपला हक्क ‘विजेचे उरलेले पाणी’ म्हणून नव्हे, तर पाण्याचा हक्क म्हणूनच मांडावा लागेल. सोलापूरचा शेतकरीही तोच हक्क मांडीत आहे. दोन्ही बाजूंची गरज खरी आहे, आणि तिचा निवाडा विजेच्या हिशेबात लपवून होणार नाही.

याला जोडून एक व्यावहारिक प्रश्नही आहे. कालव्यास प्रवाह संथ व नियमित लागतो. वीजजालास तो अकस्मात व प्रचंड लागतो. सहा तास दर सेकंदास २२६ घनमीटर पाणी खाली यावयाचे व पुढे साडेसात तास ते वर ओढावयाचे, अशा व्यवस्थेत खालचा जलाशय नदीपासून वेगळा ठेवणे आणि नदीत सोडावयाचे किमान पाणी आधीच ठरवून देणे आवश्यक आहे. ते किती, कोणत्या महिन्यात व कोणाच्या देखरेखीखाली सोडावयाचे, हे करारात अंकांनिशी लिहिले गेले नाही, तर नदीकाठच्या लोकांना ते मिळेल याची खात्री देता येणार नाही.

७. डोंगर, वन आणि वस्ती

भूगर्भीय दृष्ट्या हा प्रदेश दख्खनच्या बेसाल्टचा आहे. लाव्हाचे थरावर थर चढलेले असून दोन थरांमध्ये ठिकठिकाणी तांबड्या मातीचे पातळ पट्टे आहेत. घन बेसाल्टात बोगदे खोदणे सुरक्षित असते. परंतु हे तांबडे पट्टे व उभ्या भेगा यांतून पाणी झिरपते व खडकाची पकड सैल होते. कड्याच्या पायथ्याशी तर खडक नसून वरून घसरून आलेल्या दगडमातीचा ढिगारा असतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री अतिवृष्टीत खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकरवाडीवर दरड कोसळली. त्यातून २७ मृतदेह बाहेर काढण्यात आले आणि अनेक माणसे मातीखालीच राहिली. ही दुर्घटना कोणत्याही जलविद्युत योजनेमुळे घडलेली नाही. परंतु या उतारांची स्वाभाविक स्थिती किती नाजूक आहे हे तिने दाखवून दिले आहे. ज्या जलाशयाची पातळी रोज वीस मीटर चढते व उतरते, त्याच्या काठाची माती दररोज भिजते व निथळते; अशा काठाचा ढासळण्याकडे कल असतो. म्हणून खालच्या जलाशयाची जागा निवडताना त्या उताराची पाहणी पावसाळ्यातही झाली पाहिजे.

वनाचा व वस्तीचा प्रश्न याहून व्यापक आहे. घाटमाथा व घाटपायथा यांमधील रान हे पश्चिम घाटाच्या जैवसंपत्तीचा भाग होय. माथेरान व त्याच्या आसपासचा टापू २००३ साली पर्यावरणीय दृष्ट्या संवेदनक्षम म्हणून घोषित झाला आहे. कर्जत व खालापूर तालुक्यांतील डोंगरउतारांवर ठाकर व कातकरी यांच्या वाड्या आहेत. रायगड जिल्हा घटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात येत नसल्याने त्या क्षेत्रांतील ग्रामसभांना मिळालेले विशेष अधिकार येथील वाड्यांना नाहीत. मात्र २००६ चा वनहक्क कायदा येथे लागू आहे. वनजमीन वळविण्यापूर्वी त्या कायद्याखालील दावे निकालात निघणे व संबंधित ग्रामसभांचे म्हणणे ऐकले जाणे ही म्हणून केवळ औपचारिक बाब मानता येणार नाही. बुडीत क्षेत्र २५ हेक्टरांचेच असले, तरी रस्ते, खोदाईच्या दगडांचे ढीग, कामगारांच्या वसाहती व विजेचे मनोरे मिळून प्रत्यक्ष व्यापलेली जमीन त्याच्या कित्येक पट होते. एखाद्या वाडीचा पाणवठा वा गुरचरण त्यात गेले, तर त्याची नोंद मेगावॉटच्या हिशेबात कोठेच उमटत नाही.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. उंचीचा मोठा फरक, तयार जलाशय व मुंबईसारख्या मागणीच्या केंद्राचे सान्निध्य या तिन्ही गोष्टी एकत्र असलेली स्थळे देशात थोडी आहेत. कर्जत-खालापूर परिसर त्यांपैकी एक होय. दैनंदिन साठवणुकीसाठी उदंचन ही पद्धत दीर्घकाळ कसोटीस उतरलेली आहे आणि एकदा वापरून सोडलेल्या पाण्याच्या मानाने तिला लागणारे पाणी अत्यल्प आहे. बॅटऱ्यांच्या उतरत्या किमतींमुळे लहान मुदतीची साठवण त्यांच्याकडे जाईल. दीर्घ मुदतीच्या साठवणुकीत मात्र उदंचनाचे स्थान टिकून राहील असे दिसते.

परंतु या योजनांचे मूल्यमापन केवळ विजेच्या मोजमापाने करणे अपुरे ठरेल. शतकापूर्वीच्या योजनेने पाण्याची दिशा बदलली आणि तिच्याभोवती शेतीची, कारखान्यांची व नगरांची एक नवी व्यवस्था रुजली. आताच्या योजना ती दिशा पुन्हा एकदा बदलण्याची शक्यता निर्माण करीत आहेत. भीमेचे खोरे व उल्हासचे खोरे यांच्यात पाण्याची न्याय्य वाटणी कशी व्हावी, आणि डोंगरावरील वाड्यांना या देवघेवीत काय मिळावे, हे निर्णय यंत्रे बसविण्यापूर्वीच घेतले गेले पाहिजेत. त्यांसाठी लागणारी मूलभूत सामग्री, म्हणजे अवजलाच्या महिनावार नोंदी, राजनाल्याच्या लाभक्षेत्रातील पिकांची पाहणी, घाटउतारांचे भूवैज्ञानिक नकाशे व वाड्यांच्या पाणवठ्यांची मोजदाद, गोळा करून ठेवणे हे स्थानिक अभ्यासकांच्या आवाक्यातले काम आहे. भूगोल, अर्थशास्त्र व भूशास्त्र या तिन्ही विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ते हाती घेतल्यास त्याचा उपयोग प्रबंधापुरता मर्यादित राहणार नाही.